वाहिबाच्या वाळूत शिरताना

ओमानमधल्या वाहिबा वाळवंटात जायचं असेल तर ऑक्टोबरअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा. नव्या नकाशांवर याच भागाचं नाव शर्किया सँड्स असं दिसतं, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकावीत. उन्हाळ्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि वारा थांबत नाही. जूनमध्ये कोकणात पाऊस घेऊन येणारा नैर्ऋत्य मोसमी वारा इथल्या किनाऱ्यावरही जोरात वाहतो, पण कोरडा राहतो आणि किनाऱ्याकडची वाळू उचलून उत्तरेकडे ढकलतो. हजारो वर्षं हे चालू असल्यामुळे इथल्या मोठ्या टेकड्यांच्या रांगा उत्तर-दक्षिण पडल्या आहेत. वाळवंट सुमारे १२,५०० चौरस किलोमीटरचं, लांबी साधारण १८० किलोमीटर, रुंदी ८०. उत्तर भागातल्या रांगा शंभर मीटरपर्यंत उंच आहेत आणि दोन रांगांमध्ये एक-दीड किलोमीटर रुंदीची सपाट दरी असते. ही रचना डोक्यात पक्की असली की रस्ता चुकण्याची भीती बरीच कमी होते. दरीतून जाणारी वाट उत्तर-दक्षिणच जाणार, आणि पूर्वेला किंवा पश्चिमेला जायचं तर रांग चढून ओलांडावी लागणार.

मस्कतहून बिदबिदमार्गे सूरकडे जाणारा हमरस्ता धरायचा. इब्रा मागे टाकलं की अल काबिल, मग अल वासिल आणि पुढे बिदिया परगण्याचं मुख्य गाव अल मिंतरिब. अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर, वेळ अडीच तास. खजुराच्या बागा जिथे संपतात तिथेच वाळू उभी असते, मध्ये माळरान असं फारसं नाही. पर्यटकांच्या तळावर (कॅम्पवर) मुक्काम असेल तर तो गावापासून १० ते ४० किलोमीटर आत असतो, आणि बहुतेक तळांची माणसं वासिलच्या किंवा बिदियाच्या पेट्रोल पंपावर घ्यायला येतात. स्वतःची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी नसेल, किंवा असूनही वाळूत चालवायची सवय नसेल, तर गाडी गावात लावून त्यांच्या गाडीतून जावं. भाड्याच्या गाडीच्या विम्यात डांबरी रस्ता सोडल्यानंतरचं नुकसान बहुधा धरलेलं नसतं, हे करार सही करण्याआधी वाचून घ्यायचं.

निघायची वेळ अशी ठेवायची की वाळूला गाडीचं चाक दुपारी तीननंतर लागेल, किंवा मग सकाळी दहाच्या आत. यामागे दोन कारणं आहेत. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना वाळूवर सावली पडत नाही, त्यामुळे चढ, खड्डा, कडा सगळं एकाच रंगाचं सपाट दिसतं. समोरची जमीन दोन मीटर खाली गेलेली आहे हे चाक हवेत गेल्यावरच कळतं. दुसरं म्हणजे तापलेली वाळू भुसभुशीत होते. हिवाळ्यात अरबी समुद्रावरून येणारं दव आणि धुकं रात्री इथल्या वाळूवर उतरतं, त्या ओलीने वरचा थर पहाटे घट्ट असतो. पहाटे हसतखेळत चढलेली टेकडी दुपारी दोन वाजता तीच गाडी, तोच चालक असूनही चढत नाही.

पेट्रोल वासिललाच पूर्ण भरायचं. वाळूत खर्च दीडपट ते दुप्पट होतो. पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, आणि एक जादा दिवस धरून. मोबाइलची रेंज कडेच्या भागात आणि काही तळांवर मिळते, आतल्या दऱ्यांत जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवायचा आणि वासिलचा व तळाचा बिंदू त्यात टाकायचा. ओमानमधला आपत्कालीन क्रमांक ९९९९. एकट्या गाडीने तळाच्या पुढे जायचं नाही.

आता टायरची हवा. वाळूत गाडी चालवण्याचं निम्मं कौशल्य टायरच्या हवेत आहे आणि नवखी माणसं नेमकी इथेच कंजुषी करतात. डांबरी रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असलेली हवा वाळूसाठी १५ ते १८ वर आणायची. हवा कमी झाली की टायर रुंद होतो असं सगळे म्हणतात, पण खरा फायदा लांबीचा असतो: जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे लांबतो, वजन पसरतं आणि चाक वाळू खणण्याऐवजी वाळूवर चढून बसतं. ताशी १२० च्या वेगाने दोनशे किलोमीटर आलेला टायर तापलेला असतो, त्यामुळे मापक तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. संध्याकाळी १८ वर आणून ठेवलेली हवा गार पहाटे १४ भरते. वासिलला आल्यावर चहा पिईपर्यंत गाडी सावलीत उभी करावी, मग हवा सोडावी, आणि दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पुन्हा मोजावी. चारही चाकांत एकसारखी हवा असली पाहिजे. व्हॉल्व्हची पिन काडीने दाबून सोडायची तर एका चाकाला दोन-तीन मिनिटं लागतात. व्हॉल्व्हची टोपणं खिशात ठेवायची, वाळूवर ठेवलेलं टोपण सापडत नाही.

हवा कमी केल्याची किंमत वळणावर द्यावी लागते. १५ पीएसआयच्या टायरवर वेगात चाक झटकन वळवलं तर टायरची कड रिमवरून सुटते आणि एका क्षणात सगळी हवा जाते. मग वाळूत जॅक लावण्याची वेळ येते. जॅक नुसता लावला तर गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो, म्हणून फूटभर चौरस, दीड-दोन इंच जाडीची फळी गाडीत हवीच. दहाच्या खाली हवा फक्त रुतलेली गाडी काढताना, तीसुद्धा सरळ आणि सावकाश काढण्यापुरती.

वासिलहून आत जाणारी वाट सुरुवातीला खडीची आहे. तिच्यावर आडवे पन्हाळी पत्र्यासारखे खळगे पडलेले असतात आणि गाडी खिळखिळी होईल असं वाटतं. इथे वेग वाढवायचा मोह आवरावा, कारण मऊ टायर दगडावर वेगात आपटला की बाजूची भिंत कापली जाते. खरी वाळू सुरू झाली की गियर फोर व्हील हायमध्ये टाकायचा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचा. ते चालू राहिलं तर चाक जरा फिरताच इंजिनाची ताकद कापतं, आणि चढावर ताकद कापली गेली म्हणजे गाडी थांबलीच. दरीतल्या वाटेवर आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या असतात. त्यांतून जाताना स्टिअरिंग सैल धरायचं, गाडी स्वतःच वाट धरते. अंगठे स्टिअरिंगच्या आतून घालायचे नाहीत. चाक दगडाला किंवा झुडपाच्या बुंध्याला लागलं तर स्टिअरिंग उलट फिरतं आणि अंगठा मोडतो.

टेकडी चढायची ती वाऱ्याकडच्या बाजूने. तिथे वाऱ्याने वाळू दाबलेली असते, उतार सौम्य असतो. आडोशाची बाजू ३२ ते ३४ अंशांची, वरून ओघळलेल्या वाळूची, कापसासारखी सैल; तिथून चढणं जवळपास अशक्य, पण सरळ उतरायला तीच ठीक. हिवाळ्यात उत्तरेकडचा वारा आला की टेकड्यांच्या माथ्याची धार थोडी उलटते, त्यामुळे मागच्या महिन्यात जिकडून चढलो तिकडूनच चढता येईल असं धरून चालू नये. शंका असेल तिथे गाडी खाली थांबवून एकाने चालत माथ्यापर्यंत जावं. बूट घोट्यापर्यंत बुडतो की नुसता ठसा उमटतो, हे पाहिलं की वाळूचा अंदाज येतो, आणि पलीकडे काय आहे तेही दिसतं. पलीकडे कधी कडा असतो, कधी कुणाच्या शेळ्या बसलेल्या असतात.

चढाचा सगळा जोर पायथ्याशीच घ्यायचा. सपाटीवर वेग घेऊन, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गियरमध्ये, चढ लागण्याआधी गियर ठरवून टाकायचा, कारण चढावर गियर बदलताना जो क्षणभर जोर तुटतो तेवढ्यात वाळू गाडीला धरते. माथ्याच्या शेवटच्या काही मीटरांत ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलायचा. गाडीचं नाक माथ्यावर अलगद आलं पाहिजे. वेगात आलं तर गाडी उडते, आणि फार लवकर पाय काढला तर पोट माथ्यावर टेकून चारही चाकं लोंबकळतात. चढ जमला नाही तर तिथल्या तिथे वळवायचं नाही. रिव्हर्स टाकायचा आणि ज्या चाकोरीने वर आलो त्याच चाकोरीने सरळ मागे उतरायचं. वाळूत उलटलेल्या गाड्यांपैकी पुष्कळशा चढ चुकल्यानंतर आडवं वळायला गेल्यामुळे उलटतात. उतारावरही नियम तोच: नाक सरळ खाली, पहिला गियर, ब्रेकला पाय नाही. मागचा भाग घसरू लागला तर भीतीने ब्रेक दाबावासा वाटतो, पण तिथे हलकासा ॲक्सिलरेटर देऊन नाक उताराच्या दिशेला न्यायचं, गाडी आपोआप सरळ होते. एका उतारावर एका वेळी एकच गाडी, आणि मागच्या गाडीने पुढची दिसेपर्यंत थांबायचं. गाडीला दीड-दोन मीटर उंच काठीवर झेंडा लावतात तो याचसाठी, टेकडीआडून येणाऱ्याला आधी झेंडा दिसतो.

थांबतानाही घाईने ब्रेक मारू नये. चाकं घसटली की समोर वाळूची पाचर उभी राहते आणि निघताना तीच आडवी येते. पाय काढून गाडीला स्वतःहून थांबू द्यायचं, शक्यतो नाक उताराकडे ठेवून.

गाडी रुतणारच. अनुभवी बेदूची, म्हणजे इथल्या वाळवंटात राहणाऱ्या अरबाची पिकअपसुद्धा रुतते. फरक एवढाच की चाक जागच्या जागी फिरतंय हे कळताच तो पाय काढतो आणि नवखा आणखी दाबतो. दाबलेल्या प्रत्येक सेकंदाला चाक खाली जातं आणि शेवटी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाळूवर टेकते. मग कितीही ताकद लावा, चाकांवर वजनच उरत नाही. म्हणून पहिल्या क्षणी थांबायचं आणि खाली उतरायचं. आधी फावड्याने चेसिसखालची आणि डिफरन्शियलभोवतीची (दोन चाकांमधल्या गियरच्या गोळ्याभोवतीची) वाळू काढायची, मग चारही चाकांच्या ज्या बाजूला जायचं तिकडे सौम्य उतार खणायचा. हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करायची. आलो त्याच वाटेने मागे जाणं बहुतेक वेळा सोपं असतं, कारण ती वाळू आपल्याच चाकांनी दाबलेली असते. सॅण्ड प्लेट, म्हणजे चाकाखाली घालायच्या पट्ट्या, असतील तर चाकाला घट्ट चिकटवून लावायच्या, आणि कुणीही गाडीच्या मागे-पुढे उभं राहायचं नाही, प्लेट उडून पायावर बसते. हे सगळं नीट केलं तर वीस मिनिटांत गाडी निघते. दोर लावायचाच झाला तर तो चेसिसला जोडलेल्या ओढण्याच्या हुकाला; मागे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला कधीही नाही. तो गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि यात माणसं मेली आहेत. दोराच्या मधोमध जाड चादर किंवा जॅकेट टाकावं आणि बाकीच्यांनी दोराच्या दीडपट लांबीवर बाजूला थांबावं.

आत बेदू कुटुंबं राहतात ती दऱ्यांमध्ये आणि पूर्वेकडच्या झाडांच्या पट्ट्यात. वाहिबा नाव ज्या जमातीवरून पडलं ती बनी वाहिबा, पण जनबा, हिकमान, अल अम्र, अल बू ईसा, हिश्म अशा इतरही जमाती या वाळूत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. राहण्याची जुनी पद्धत म्हणजे खजुराच्या झावळ्या बांधून केलेली कुडाची घरं आणि झाडाखालचा आडोसा. पर्यटकांच्या तळांवर दिसणारे काळे तंबू हे मुख्यतः पाहुण्यांसाठी उभारलेले आहेत. पाहुण्यांना दाखवायला नेतात ते 'बेदू घर'ही पुष्कळदा भेटींसाठीच मांडलेलं असतं. त्या कुटुंबाचं विजेचं, पंख्याचं घर बिदियात असतं, पुरुष सैन्यात, पोलिसांत किंवा तेलक्षेत्रावर नोकरीला असतात आणि शुक्रवार-शनिवारी उंटांकडे येतात. यात फसवणूक आहे असं आम्हाला वाटत नाही. उंट खरे आहेत, कॉफी खरी आहे, त्या बाईने विणलेला पट्टा खरा आहे. पर्यटकांच्या पैशामुळे काही कुटुंबांना वर्षातले सहा महिने वाळूत राहणं परवडतं. मात्र वाटेत दिसलेल्या कुठल्याही घरापाशी गाडी नेऊन उभी करणं चूक आहे. ओळखीच्या माणसाबरोबर किंवा तळाच्या वाटाड्याबरोबर जावं. स्वतः जायची वेळ आलीच तर गाडी शंभरेक पावलं लांब, दाराच्या समोर येणार नाही अशी थांबवून कुणी बाहेर येईपर्यंत वाट पाहावी. घरात पुरुष नसेल तर पुरुष पाहुण्यांनी आत शिरायचा प्रश्नच येत नाही.

सलाम झाल्यावर हालहवाल विचारतात, आणि ती एकदा विचारून संपत नाही. तब्येत, घरचे, वाटेची खबर, पाऊस पडला का कुठे. प्रत्येकाला 'सगळं बरं आहे, देवाची कृपा' असं उत्तर द्यायचं. कामाचं बोलणं कॉफीनंतर. चपला सतरंजीबाहेर काढायच्या, बसताना तळपाय कुणाच्या दिशेने करायचे नाहीत. बायकांना बहुधा वेगळं बसवतात, आणि त्यांना घरातल्या बायकांकडे पुरुषांना कधीच मिळणार नाही एवढा मोकळा वेळ मिळतो. मस्कतकडे बऱ्याच ओमानींना हिंदी समजते. इथे कमी, तरी दोन-चार शब्दांवर काम भागतं. हातात काहीतरी न्यावं. कॉफीच्या बिया, साखर, फळं, आणि आपल्याकडची हिरवी वेलची तर फार आवडीने घेतात.

आधी खजूर येतो, कधी ओमानी हलवा. तो उजव्या हाताने घ्यायचा, बी ताटलीत टाकायची, हात पुसून घ्यायचे. मग कॉफी. बिया फिकट भाजलेल्या असतात, आपल्या फिल्टर कॉफीच्या निम्म्याही काळ्या नाहीत, आणि खलबत्त्यात भरड कुटलेल्या. प्रमाण साधारण असं: एक लिटर पाण्याला तीन मोठे चमचे पूड, मंद निखाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटं उकळायची, मग एक चमचा कुटलेली वेलची घालून आणखी दोन-तीन मिनिटं. कुणी लवंग घालतं, कुणी केशर किंवा गुलाबपाणी. खाली उतरवून पाच मिनिटं गाळ बसू द्यायचा. साखर घालत नाहीत, गोडी खजुराची. पाण्याला खळाळून उकळी आणली तर गाळ बसत नाही आणि कडवटपणा येतो. वाढणारा डाव्या हातात दल्ला, म्हणजे चोचीचं भांडं, आणि उजव्या हातात बिनकानाच्या वाट्या धरतो. वाटी तळापासून तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरतात. ती काठोकाठ भरून दिली तर 'प्या आणि निघा' असा अर्थ होतो, म्हणून कमी वाढलं असं समजू नये. वाटी रिकामी करून पुढे केली की पुन्हा भरली जाते. पुरे असेल तर मनगटाने दोन-तीनदा हलकी हलवून परत द्यायची. एकही न घेणं पाहुणचार नाकारण्यासारखं आहे, तीनच्या पुढे जाण्याचीही रीत नाही. या अरबी कॉफीची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशात २०१५ साली ओमान, अमिरात, सौदी अरेबिया आणि कतार या चौघांच्या नावावर झाली.

खजुराच्या गोष्टीवरून एक सांगायलाच हवं. उन्हाळ्यात ही कुटुंबं वाळू सोडून बिदियाच्या बागांत उतरतात, कारण तेव्हा खजूर पिकतो. तिथल्या मबसली जातीचा खजूर पिवळा असतानाच झाडावरून उतरवून मोठ्या कढयांत उकळतात आणि उन्हात वाळवतात. हा कडक माल वर्षानुवर्षं भारतात जात आला आहे, तिथे तो खारकेसारखा वापरतात. जुलैत वाळूत जाऊन 'बेदू कुठे आहेत' असं विचारणाऱ्याने बागांकडे बघावं.

इथल्या जगण्याचा दुसरा आधार ग़ाफचं झाड. हीच आपली शमी, सौंदड. दसऱ्याला पूजतो ती, राजस्थानात खेजडी. मुळं फार खोल जातात, पाला उंट-शेळ्या खातात, आणि चाळीस अंशांतही खाली सावली राहते. १९८६ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या मोहिमेने वाहिबात सुमारे दीडशे प्रकारच्या वनस्पती नोंदवल्या होत्या, म्हणजे ही वाळू ओसाड नाही. बेदू जिवंत ग़ाफ तोडत नाहीत, वाळलेलं लाकूडच घेतात. पर्यटकांनी तेही घेऊ नये. शेकोटीचं लाकूड बिदियात विकत मिळतं, तेच गाडीतून न्यावं. ग़ाफखाली गाडी लावणंही टाळावं. ती सावली जनावरांची आहे, शिवाय सावलीत गोचिडी असतात आणि काटे मऊ टायरमध्ये शिरतात.

उंटावर बसताना लोक पडतात ते उंट उठताना. तो आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे बसणारा पुढे फेकला जातो. खाली बसताना पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही पुढेच. दोन्ही वेळा मागे रेलायचं. ओमानी खोगीर उंटाच्या कुबडाच्या मागे बसतं, त्यामुळे पकड खोगिराच्या दोरीचीच असते. पाऊण तास पुरे, त्यानंतर मांड्या सोलवटतात. वाटेत एकटा फिरणारा उंट बेवारस नसतो, प्रत्येकाला मालक आहे. मादीच्या आचळांना जाळी बांधलेली दिसते ती पिलाने सगळं दूध पिऊ नये म्हणून. ती बघायला जवळ जाऊ नये, पिलाजवळची मादी चावते. बिदियाकडे शर्यतीच्या उंटांचं मोठं वेड आहे. पहाटे गाडीच्या बाजूने पळवत सराव चालतो, आणि पाठीवर आता माणसाऐवजी रिमोटवर चालणारं छोटं यंत्र असतं. त्या वेळी शर्यतीच्या पट्ट्यावर गाडी घालायची नाही. आणि रात्रीच्या अंधारात हमरस्त्यावर वेग आवरायचा. उंटाचे पाय बंपरला लागतात आणि पाचशे किलोचं धड काचेवर येतं.

जेवण तळावर असेल तर खड्ड्यात भाजलेलं मांस मिळतं. ओमानचा खरा शुवा ईदचा: मसाल्यात मुरवलेलं मांस केळीच्या किंवा खजुराच्या पानांत गुंडाळून, विणलेल्या पिशवीत घालून, निखाऱ्यांच्या खड्ड्यात बंद करून एक-दोन दिवस ठेवलेलं. तळावर तीन-चार तासांत निघतो तो त्याचा छोटा भाऊ, चवीला चांगला, पण शुवा समजू नये. शाकाहारी मंडळींनी दोन दिवस आधी सांगावं, आणि 'मांस नको' एवढंच न म्हणता भात वेगळ्या साध्या पाण्यात शिजवा असं सांगावं, कारण भात बहुधा मांसाच्या रश्श्यात होतो. रानात करण्यासारखी सगळ्यांत सोपी गोष्ट राखेतली भाकरी. कणीक, मीठ, पाणी. पीठ घट्ट मळून बोटभर जाडीची थापायची. निखारे बाजूला सारून तापलेल्या वाळूवर ती ठेवायची, वर गरम वाळू आणि निखारे ओढायचे. दहा मिनिटांनी उलटून पुन्हा तेवढंच. काढल्यावर काठीने ठोकून वाळू झटकायची. वऱ्हाडातले रोडगे खाल्लेल्यांना चव ओळखीची वाटेल. पीठ सैल झालं तर वाळू आत रुतून बसते आणि मग कितीही ठोका, दाताखाली येतेच.

झोपण्याची जागा दिवस असताना निवडावी. दरीचा तळ रात्री सगळ्यांत गार, कारण थंड हवा खाली उतरते. उताराच्या किंचित वरची जागा ऊबदार असते. उभ्या आडोशाच्या बाजूखाली झोपू नये, वरून वाळू ओघळते. जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश होतात आणि दवाने पांघरूण ओलं होतं, म्हणून वरून एक ताडपत्री हवी. विंचू असतात. बूट पिशवीत बांधून ठेवायचे, सकाळी झटकून घालायचे. जांभळ्या अतिनील प्रकाशाचा लहान टॉर्च असेल तर विंचू हिरवट चमकतात आणि दोन मिनिटांत आजूबाजूची जागा तपासून होते. शौचासाठी खोल खणून पुरलं तरी कागद पुरायचा नाही, महिन्याभरात वारा तो उघडा करतो. पिशवीत परत न्यायचा.

बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि नकार एकदाच ऐकायचा. नाक-कपाळ झाकणारा मुखवटा हा त्यांचा रोजचा पोशाख आहे, देखावा नाही. कॉफीनंतर बहुधा चादर पसरून विणकाम मांडलं जातं: लोकरीचे, शेळीच्या केसांचे पट्टे, उंटाचे गोंडे, चाव्या अडकवायची कडी. जमिनीवर आडव्या पसरलेल्या मागावर विणलेला हातभर पट्टा व्हायला दिवस जातात. बाजारातून आणलेला माल त्यात मिसळलेला असू शकतो. उलटी बाजू पाहिली की कळतं, हातमागाच्या कडा थोड्या वेड्यावाकड्या असतात. घासाघीस थोडी चालते, फार केलेली शोभत नाही. एक आणि पाच रियालच्या सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात, तिथे कार्ड चालत नाही आणि सुटेही नसतात. काही घ्यायचं नसेल तर कॉफीबद्दल थोडे पैसे घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातात नाही, चादरीच्या कडेशी किंवा वाटाड्यामार्फत द्यावेत.

वाळवंट आरपार ओलांडून दक्षिणेला किनाऱ्याकडे उतरणं हा वेगळा प्रकार आहे. वाळूतच दोन दिवस, किमान दोन गाड्या, स्थानिक वाटाड्या आणि जादा पेट्रोलचे डबे लागतात. दक्षिणेत टेकड्या बुटक्या होत जातात पण खड्डे आखूड आणि दिशाहीन असतात, शिवाय मध्येच जुन्या वाळूचा दगड झालेला खडक वर येतो आणि मऊ टायर फाडतो. पहिल्या खेपेला हा बेत करू नये.

बाहेर आल्यावर वासिलला टायरच्या दुकानात हवा भरून घ्यायची, आणि तोवर खडीच्या वाटेवर ताशी ४० च्या पुढे जायचं नाही. १५ पीएसआयवर हमरस्त्याला लागलं तर टायर तापून फुटतो. स्वतःचा कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या तारा थेट बॅटरीला लावाव्यात, सिगारेट लायटरच्या खोबणीचा फ्यूज उडतो. हवा भरताना प्रत्येक रिमच्या कडेवर बोट फिरवून पाहायचं. कडेत वाळू अडकली असेल तर हवा सावकाश गळत राहते आणि दोन दिवसांनी मस्कतमध्ये चाक बसलेलं मिळतं. एअर फिल्टर काढून उलटा आपटायचा, ब्रेकच्या आतली वाळू पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुवायची, नाहीतर पहिल्या सिग्नलपासून डिस्क घासू लागते.